पाव फेरीची फरशी

सांगलीहून निघताना माझ्या पिशवीत एक हातआरसा, बटर पेपरची गुंडाळी आणि दोन-चार पेन्सिली होत्या. धाराशिव जिल्ह्यात निघालेली बाई म्हणजे तुळजापूरला निघालेली, असं एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईंनी धरूनच टाकलं होतं. ओटीचं सामान घेतलं का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी फरश्या बघायला चाललेय. त्यांनी जरा विचार केला आणि घर बांधताय का, असं विचारलं. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगत बसले असते तर सोलापूर आलं असतं.

तुम्हाला मात्र सांगते. मी कॉलेजात गणित शिकवत होते. त्यातला एक भाग माझ्या फार आवडीचा. जमिनीवर, भिंतीवर, कापडावर एकच आकृती पुन्हापुन्हा येत सगळीकडे पसरते, तिला आपण नक्षी म्हणतो. आकृत्या कितीही काढा, त्यांना अंत नाही. पण त्या पुन्हापुन्हा येण्याच्या तऱ्हा मोजून सतराच आहेत. अठरावी कुणाला काढता येणार नाही, हे गणितानं सिद्ध केलेलं आहे. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं, पण बाहेर जाऊन त्या सतरा कधी शोधल्या नाहीत. निवृत्तीनंतर हे एकदा भास्करदादांशी फोनवर बोलले होते. ते विसरले असतील असं मला वाटलं होतं. पण संक्रांत झाली आणि त्यांचाच फोन आला. "ये तू आमच्याकडं. तुझ्या सतरातल्या निम्म्या तरी दाखवतो."

भास्करदादा माझे मावसभाऊ, माझ्याहून बरेच मोठे. सगळी नोकरी त्यांनी बेंबळीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून केली आणि निवृत्तीनंतर कळंबला घर बांधलं. सुशीलावहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून दादा आपणहून कुणाला फोन करत नसत. म्हणून मी फार चौकशी न करता पिशवी भरली.

कळंब

दादांचं घर बाजारापासून जवळ आहे. सकाळी जाग येते ती तुरीची पोती उतरवणाऱ्या हमालांच्या आवाजानं. हवेत धुळीबरोबर नव्या तुरीचा कोरडा, गोडसर वास असतो. आमच्या सांगलीच्या बाजारात हळदीचा वास नाकात जातो तो दिवसभर जात नाही. हा वास त्या मानानं गरीब आहे, पण चांगला वाटला.

नाश्त्याला शेजारच्या बाईंनी धपाटे पाठवले होते, सोबत दही आणि शेंगांची चटणी. खाता खाता दादांनी सतरांचा विषय काढला. मी त्यांना अंगणात नेलं. शेजारच्या दारात ठिपक्यांची रांगोळी होती. मी म्हटलं, ठिपके दोन तऱ्हेनं मांडतात बघा. एक, ओळीखाली ओळ, ठिपक्याखाली ठिपका. त्यातून चौकोन होतात. दुसरी, प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. त्यातून त्रिकोण होतात आणि षटकोन होतात. मग बघायचं, नक्षी कशी हलवली तर जशीच्या तशी राहते. सरकवून राहते, ती तर नक्षीची अटच आहे. आरसा धरून राहते का? फिरवून राहते का? अर्धी फेरी दिली तर? पाव फेरी? तिसरा हिस्सा, सहावा हिस्सा? बस, एवढ्याच फेऱ्या चालतात. पाचव्या हिश्शाची फेरी घेणारी नक्षी सगळ्या जमिनीवर पसरूच शकत नाही.

दादा म्हणाले, "ते म्या बघितलंय. तरुणपणी पाच कोनाची फरशी काढली होती. चार-पाच जोडल्या की फट राहते." 'म्या' हे ते मुद्दाम म्हणत, खुशीत असले की.

चौथी हालचाल मला अंगणातल्या धुळीतच मिळाली. अनवाणी माणूस चालून गेलं की डावं पाऊल, उजवं पाऊल, डावं पाऊल उमटत जातं. डावं पाऊल आरशात उलटवा आणि थोडं पुढं सरकवा की उजवं होतं. उलटणं आणि सरकणं एका दमात. दादांनी खाली वाकून स्वतःच्याच पावलांचे ठसे बघितले आणि बराच वेळ बघत राहिले. वाकलेले असतानाच त्यांनी विचारलं, "रंग धरायचा का ह्यात?"

मी म्हटलं, धरायचा. लाल फुलाच्या जागी निळं फूल आलं तर नक्षी तीच राहिली असं म्हणता येणार नाही. रंगानं प्रकार बदलतो. दादा सरळ झाले आणि आत गेले.

मग त्यांनी कागद काढले. बेंबळीच्या शाळेत त्यांचे जुने विद्यार्थी मिळून एक सभागृह बांधत होते. जमिनीची नक्षी सरांनीच काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दादांनी कागदामागून कागद भरून काढलेले होते. भिंगरीसारखी फिरणारी पाती, एका पात्याच्या टोकातून दुसऱ्याचं देठ. इतकी साफ रेष मी क्वचितच बघितली आहे. सगळं पेन्सिलीत होतं. रंगाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "रंगाचं मागनं बघू."

दुपारी आम्ही भाजीला गेलो. टोमॅटोच्या ढिगापाशी दादांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तूच निवड, तुला चांगलं कळतं. एकटं राहायची सवय नसलेल्या माणसाचं असं होतं, असं मी मनाशी म्हटलं.

सोनारी

मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी आपण बेंबळीला जाऊ. पण दादांनी आधी सोनारीचा आग्रह धरला. बेंबळी कुठं पळून जात नाही, म्हणाले. सोनारी परंडा तालुक्यात आहे, म्हणजे अगदी उलट्या दिशेला. काळभैरवाचं ठिकाण. गावात शिरण्याआधी माकडं दिसायला लागतात, आणि देवळापाशी तर माणसांपेक्षा तीच जास्त असतील. त्यांना कुणी हुसकत नाही. भाविक शेंगदाणे, केळी घेऊन येतात. माकडं ती हातातून घेतात, दिली नाहीत तरी घेतात.

आम्ही दर्शन घेतलं. मग ओवरीच्या खांबांवर काही मिळतं का ते बघत फिरलो. दगडात फुलांच्या पट्ट्या होत्या, पण पट्टी एकाच दिशेनं जाते, तिचा हिशोब वेगळा. माझी खरी नक्षी सापडली ती सावलीत बसलेल्या एका कुटुंबाच्या अंगाखाली. जुन्या लुगड्यांची वाकळ होती. चौकोनी तुकडे विटांच्या भिंतीसारखे, एका ओळीतले सांधे दुसऱ्या ओळीत मध्यावर. मी त्यांना विचारून वाकळीच्या कोपऱ्यावर बसले आणि आरसा काढला. उभा धरला, आडवा धरला. कडेच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, काय दिसतंय त्यात. मी म्हटलं, तुमची वाकळ आरशात पण अशीच दिसते का ते बघतेय. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, व्हय की, तशीच दिसतीया.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला. काळा, लहान, सुरकुतलेला. आरसा माझ्या बोटांतून गेला आणि क्षणात समोरच्या भिंतीवर होता. ते माकड आरशात बघायचं, मग आरशाच्या मागं हात घालून चाचपायचं. कुणी सापडत नव्हतं. ते पुन्हा समोरून बघायचं. दोन-तीन पिल्लं आली, त्यांना त्यानं दात दाखवले. बायका हसून लोळल्या. दादांनी केळं दाखवून आरसा परत मिळवायचा प्रयत्न केला. माकडानं खाली येऊन केळं घेतलं आणि आरसाही ठेवून घेतला.

त्यानंतर मी मोबाइलच्या बंद पडद्याचा आरसा केला. काळा दिसतो, पण चालतो.

परतताना दादा मोकळे बोलत होते. वहिनी सोनारीला आल्या की माकडांना शेंगा द्यायच्या आणि ती जवळ आली की स्वतःच घाबरून दादांच्या मागं लपायच्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बेंबळीचा विषय मात्र मी काढला की ते खिडकीबाहेर बघत. रानात ज्वारी कणसाला आलेली होती.

बेंबळी

बेंबळी मोठं गाव आहे. तिथं दादांना रस्त्यानं दहा पावलं नीट चालता येत नाही. कुणी गाडी थांबवून पाया पडतं, कुणी दुकानातून हाक मारतं. आम्ही उतरलो ते महानंदाकडे. ती दादांची जुनी विद्यार्थिनी, आता पन्नाशीकडे आलेली. नवऱ्याबरोबर शेती आणि किराणा दुकान बघते आणि सभागृहाच्या कामाची सगळी सूत्रं तिच्याकडे. माझ्याशी मराठीत बोलता बोलता ती आत सासूबाईंशी कानडीत बोलत होती, आणि दोन्हीकडचं काही सांडत नव्हतं.

त्यांच्या बाहेरच्या खोलीची जमीन बघून मी चहा विसरले. सासऱ्यांनी हौसेनं सोलापूरहून आणलेल्या रंगीत सिमेंटच्या फरश्या. प्रत्येक फरशीवर तेच चार पाकळ्यांचं फूल, पांढऱ्या बारीक रेषेत. एक ओळ विटकरी लाल, पुढची ओळ गडद हिरवी, पुन्हा लाल, पुन्हा हिरवी. पायांनी झिजून दोन्ही रंग मऊ झालेले. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "अर्ध्या फेरीची."

दादा म्हणाले, "पाव फेरीची."

मी म्हटलं, नाही दादा, पाव फेरी दिली की ओळी उभ्या होतील. ते म्हणाले, कसल्या ओळी, चौकोनी फरशी आहे, चौकोनी फूल आहे, पाव फेरी दिली तर तसंच बसणार. मी हसले. त्यांना माझी चेष्टा करायचीय असं मला वाटलं. त्यांनी बटर पेपर मागितला, जमिनीवर पसरला आणि चार-सहा फरश्यांच्या रेषा भराभर गिरवल्या. मग कागदाच्या मध्यावर पेन्सिलीचं टोक टेकवून तो पाव फेरी फिरवला. रेषेवर रेष तंतोतंत बसली.

"बसतंय का न्हाय?" त्यांनी शिक्षकासारखं वर बघत विचारलं.

बसत होतंच. गिरवलेल्या कागदावर रंग नव्हताच, तर बसणारच. मी ते बोलणार, इतक्यात आतून सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी तो त्यांच्या हातून कलंडला. मागून महानंदा ताटं घेऊन येत होती. ती म्हणाली, "सर, थांबा. हिरव्या ओळीवर पाणी सांडलंय. लाल ओळीवरनं या."

दादा उठून उभे राहिले. त्यांनी जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मान ताठ करून त्यांनी पाऊल टाकलं ते थेट हिरव्या ओळीवर. पाय सरकला. त्यांनी दाराची चौकट धरली म्हणून पडले नाहीत, पण गुडघा आपटला. महानंदानं ताटं खाली ठेवून त्यांना धरलं. त्या गडबडीत दादा हसून म्हणाले, वय झालं, ध्यान राहत न्हाय.

मी मात्र जागची हलले नाही. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. माझा मुलगा नीरज लहानपणी लुडो खेळताना माझ्या सोंगट्या हलवायचा. त्याची लाल, माझी हिरवी. आम्ही त्याला लबाड म्हणायचो. मग मोठेपणी रेल्वेच्या भरतीत डोळे तपासले तेव्हा कळलं, की त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. इंजिन चालवायचं त्याचं स्वप्न त्या तपासणीत संपलं. त्यानंतर बरेच दिवस कुणी काही रंगाचं बोललं की तो असाच मान ताठ करायचा.

जेवण फार चांगलं होतं. पापडासारखी कडक भाकरी, ती ताटात चुरायची आणि वर येसराची, म्हणजे भाजक्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी ओतायची. आमच्याकडे भाकरी मऊ नसली तर सासू सुनेला बोलते. इथं कडक भाकरी आठवडाभर टिकते, म्हणून तिचं कौतुक. सासूबाई मला ती कशी चुरायची ते दाखवत होत्या. दादा खाली बघून जेवत होते.

संध्याकाळी महानंदाच्या रानात हुरडा होता. तिचा नवरा आगटीपाशी कणसं भाजत होता. दादा आणि मी जरा बाजूला बांधावर बसलो. दादा हातातलं कणीस चोळत होते. दाणा कोवळा आहे का जून, ते रंग बघून ठरवतात. दादा प्रत्येक दाणा दोन बोटांत दाबून बघत होते.

त्यांनीच सुरुवात केली. "नीरजला पण असंच आहे ना? तुझ्या आईनं सुशीलेला सांगितलं होतं."

मी हो म्हटलं.

"सुशीलेला माझं ठाऊक होतं. आणखी कुणाला न्हाय. आता तुला."

मग ते सावकाश सांगत गेले. लहानपणापासून त्यांना रेषेचं वेड. रंगांच्या नळ्यांवर नावं असतात, ती वाचून त्यांनी रंग वापरले. कुठला रंग कशात किती मिसळायचा हे पाढ्यासारखं पाठ केलं. परीक्षा पास झाले, नोकरी लागली. लग्नानंतर वहिनींनी महिन्याभरात ओळखलं आणि कुठं बोलल्या नाहीत. पुढं मुलांची चित्रं तपासायला घरी आली की वहिनी शेंगा सोलत शेजारी बसायच्या आणि बोलत राहायच्या, ह्या पोरीनं लुगडं लाल केलंय नि काठ हिरवा, शोभतोय बरं का. ह्यानं आभाळात जांभळं घातलंय. दादा ते ऐकून गुण द्यायचे. नोकरी संपेपर्यंत असं चाललं. वहिनी गेल्यापासून त्यांनी रंगाला हात लावला नव्हता. शर्टसुद्धा पांढरे तेवढेच घेत होते.

"उद्या शाळेत बैठक आहे," ते म्हणाले. "रंग मी ठरवायचेत. नमुन्याच्या फरश्या माझ्या पिशवीत आहेत. त्यांच्या मागं तू रंगाचं नाव पेन्सिलीनं बारीक लिहून दे. एवढ्यासाठी तुला बोलावली."

मी विचारलं, मग सतरा? ते म्हणाले, ते पण खरंच होतं, पण ह्याच्या मागनं. आणि गणितवालीला चित्रातलं काय कळणार, तिला संशय येणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. पहिल्याच दिवशी विचारायचं होतं, पण धीर झाला नाही म्हणून सोनारी काढली.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी त्यांना सांगितलं, हे आईच्या बाजूनं येतं. तुमची आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी. म्हणजे आजीकडून आलं असणार. आपले मामा आठवतात? पोळ्याला बैलांच्या शिंगांचा रंग आणायला जायचे आणि दर वर्षी भलताच घेऊन यायचे.

"आणि मामी दुपारपर्यंत भांडायच्या," दादा म्हणाले. ते एकदम थांबले. "म्हणजे मामांना पण?" ते इतके हसले की आगटीपाशी सगळे आमच्याकडे बघायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. नीरज आता काय करतो, त्यानं लोकांना सांगितलंय का, लोक काय म्हणतात, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, सगळ्यांना सांगतो. त्याच्या बायकोला त्यानं पहिल्या भेटीतच सांगितलं होतं.

महानंदाच्या घरी आल्यावर मी त्या नमुन्यांच्या मागं लिहून दिलं. बैठकीत हे कुणाच्या लक्षात आलं तर काय, असं एकदा मनात आलं. पण पेन्सिल हातात होती आणि दादा समोर बसले होते.

सकाळी शाळेच्या एका वर्गात बैठक झाली. महानंदा होती, दादांचे पाच-सहा जुने विद्यार्थी होते आणि गावातले वयानं सगळ्यांत मोठे तात्या होते. दादांनी भिंगरीचा मोठा कागद बाकावर पसरला. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. तात्यांनी एका पात्यावरून बोट फिरवत नेलं आणि ते फिरून पहिल्या जागी आलं तेव्हा मान हलवली. महानंदा म्हणाली, "आता रंग सांगा, सर."

दादांनी एक नमुना उचलला आणि उलटा केला. माझं अक्षर मला दिसलं. त्यांनाही दिसलं. त्यांनी तो तसाच, उलटा, बाकावर ठेवला.

"हे मागं माझ्या बहिणीनं लिहून दिलंय," ते म्हणाले. "मला लाल-हिरवं ओळखू येत न्हाय. कधीच आलं न्हाय. तुम्हाला शिकवत होतो तेव्हा पण न्हाय."

बाहेर मुलांची प्रार्थना चालू होती ती ऐकू येत होती. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं. पण तात्या आधी बोलले.

"म्हंजी सर, तुमास्नी काय दिसतंय मग?"

"ते मला कसं सांगता येईल, तात्या? तुम्हाला काय दिसतं ते मला सांगा."

तात्यांनी नमुना हातात घेतला, खिडकीपाशी नेला, लांब धरला, जवळ धरला. "लाल म्हंजी लालच की," ते म्हणाले. दादांनी विचारलं, पण कसा? तात्या अडले. विटंसारखा, म्हणाले. दादा म्हणाले, वीट मला हिरव्या फरशीसारखीच दिसते. मग सगळेच प्रयत्न करायला लागले. कुणी म्हणालं कुंकवासारखा, कुणी म्हणालं ऊन ऊन वाटतं. एकालाही सांगता येईना. तात्या नमुना खाली ठेवेनात. एवढी वर्षं बघतोय पण सांगता येत नाही, हे त्यांना पटतच नव्हतं.

मग महानंदा म्हणाली, "सर, शाळेच्या भिंतीवर तुम्ही आंब्याचं झाड काढलं होतं. त्याची पानं तपकिरी होती. आमी म्हणायचो, सरांनी दुष्काळ काढलाय."

पहिल्यांदा दादा हसले, मग बाकीचे. सगळे हसले असं मात्र नाही. कोपऱ्यातला एक जण, ज्याचं धाराशिवला साइनबोर्डांचं काम आहे असं मला आधी सांगितलं होतं, तो हसला नाही. तो म्हणाला, "सर, माझ्या चित्राला तुम्ही रंगात गुण कमी दिले होते. मी लई दिवस मनाला लावून घेतलं."

"दिले असतील," दादा म्हणाले. "चुकलं असंल माझं. बरोबर होतास तू, असं आज म्हणायला पण मला येत न्हाय. मला ते दिसलंच न्हाय."

तो खाली बघत राहिला. पण रंग निवडायला सगळे बसले तेव्हा तोच पुढं झाला आणि नमुन्यांच्या जोड्या करून दादांसमोर ठेवायला लागला. हे दोन वेगळे दिसतात का, सर? नाही. हे? थोडे. हे? हे दिसतात. एक गडद असला आणि एक फिकट असला की दादांना फरक स्पष्ट कळत होता. शेवटी गडद हिरवा आणि फिकट पिवळा ठरला. मी माझ्या परीनं पाती फिरवून बघितली. माझ्या डोळ्यांनी आणि दादांच्या डोळ्यांनी, दोन्हीकडून ती नक्षी सतरांतल्या एकाच प्रकारात बसत होती. पाव फेरीची, आरसा नसलेली. हे मी मोठ्यानं सांगितलं. फार कुणाला कळलं नाही, पण दादांना कळलं.

धाराशिव

परत निघायच्या दिवशी दादा मला सोडायला धाराशिवपर्यंत आले. गावात शिरताच खव्याचे गुलाबजाम खाल्ले. काळपट, घट्ट, पाकात बुडालेले. आमच्याकडचे गुलाबजाम यापुढं कापसासारखे. त्यानंतर फरश्यांचं काम सांगायचं होतं. रंगीत सिमेंटच्या फरश्या अजून हातानं करून देणारा एक कारखाना गावाबाहेर आहे, तिथं गेलो.

सतरा सापडल्या का, असं तुम्ही विचाराल. निम्म्याहून जास्त सापडल्या. दारांच्या जाळ्यांत, पोत्यांच्या विणीत, एका दुकानाच्या शटरवर. तिसऱ्या हिश्शाची फेरी घेणाऱ्या मला फारशा दिसल्या नाहीत. कुणाला त्या भागात दिसल्या तर आरसा लावून बघा. माकडं नाहीत ना, तेवढं आधी बघा.

कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड होती. एका बाजूला लोखंडी साचे, दुसऱ्या बाजूला रंगाच्या भुकट्यांच्या पाट्या ओळीनं मांडलेल्या. मालक खाली बसून साच्यात रंग ओतत होते. हाताला, कपाळाला, मिशांना, सगळीकडे रंग लागलेला होता. दादांनी कागद दाखवला. मालकांनी तो बघून माप विचारलं, किती दिवस लागतील ते सांगितलं आणि पुन्हा कामाला लागले.

दादा पाट्यांपाशी गेले. मी मागं थांबले. ते एका पाटीपुढं उभे राहिले, वाकले, भुकटीत बोट बुडवून ते उजेडात धरलं. वहिनी असत्या तर शेजारून हळू आवाजात सांगितलं असतं. दादांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं नाही.

"मालक," ते म्हणाले, "हा कोणता रंग?"

"हिरवा," मालक साच्यातून मान वर न करता म्हणाले. "त्याच्या शेजारचा गेरू."

दादा बोट झटकत सरळ झाले. मग पुढच्या पाटीपाशी गेले आणि तिथंही बोट बुडवलं.

"आणि हा?"

मालकांनी सांगितलं. दादांनी त्याच्या पुढचा विचारला, मग त्याच्या पुढचा. माझी एस.टी. निघायची वेळ झाली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथल्याच एका पोत्यावर बसून घेतलं. शेडमध्ये अजून पुष्कळ पाट्या होत्या.